तक्त्यातलं एक कोकरू

जगात काळजी करण्यासारखं जेवढं म्हणून काही आहे, त्यातलं निम्मं आमचे साडू एकटे करत, आणि त्यामुळेच सातारा-सांगली या दोन जिल्ह्यांतल्या बाकीच्या माणसांना सुखानं झोप लागत असे, असं माझं प्रामाणिक मत आहे. ‘मन चिंती ते वैरी न चिंती’ असं ज्यानं पहिल्यांदा म्हटलं त्यानं आमच्या साडूंना कुठेतरी पाहिलेलं असणार. दुधानं तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो म्हणतात. साडूंचं तोंड दुधानं कधीच पोळलं नव्हतं. पण पुढेमागे पोळलंच तर सवय असावी म्हणून ते आधीपासूनच ताक फुंकत. मी साताऱ्याला एका हायस्कुलात ड्रॉइंग मास्तर, ते सांगलीला कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवायचे. माझी बायको थोरली, त्यांची धाकटी. त्यामुळे नात्यानं मी मोठा, ते मला ‘दादा’ म्हणत आणि आपल्या सगळ्या काळज्या वडिलकीच्या नात्यानं माझ्याकडे पोचवत.

ते साताऱ्याहून सांगलीला परत निघाले की आमच्या घरात लग्नाची वरात निघावी तशी धांदल होई. एस.टी. अकराची असेल तर साडू नऊला स्टँडवर. तिथे गेल्यावर त्यांना शंका येई, की गाडी आजच्यापुरती आठलाच सोडली असेल. मग चौकशीच्या खिडकीपाशी तीनदा, हमालाला एकदा, शेंगा विकणाऱ्या बाईला एकदा विचारून व्हायचं. एकदा तर समोर एक गाडी इंजिन चालू ठेवून उभी होती; “उभी गाडी सोडून येणाऱ्या गाडीवर भरवसा कसा ठेवायचा?” असं म्हणून ते तिच्यात चढून बसले आणि पाटणला जाऊन उतरले. तिथून त्यांनी मला कार्ड टाकलं, ‘सुखरूप पोचलो. फक्त गाव वेगळे आहे.’ बायकोनं ते कार्ड बरीच वर्षं देवाच्या फोटोमागे खोचून ठेवलं होतं.

असल्या माणसानं संशोधनासाठी विषय तरी साधा घ्यावा की नाही? झुरळं आहेत, बेडूक आहेत, कृष्णेतले मासे आहेत. पण साडूंनी जे निवडलं ते मला पहिल्यांदा समजलं तेव्हा मी कपाळावर हात मारला. आमच्याच स्वयंपाकघरात त्यांनी ते समजावून दिलं. वाटीत थोडं पाणी, वर थिजलेल्या तुपाचा थर, आणि त्या थरात त्यांनी एक लवंग अशी खोचली की तिची टोपी वर आणि देठ खाली पाण्यात. “आपल्या शरीरातली प्रत्येक पेशी अशा तुपाच्या पापुद्र्यानं वेढलेली असते, दादा. याला पेशीपटल म्हणायचं. तुपातून पाणी जात नाही, मीठ जात नाही. मग आत-बाहेर करायचं कसं? तर ही लवंग. हे प्रथिन. पटलाच्या आरपार रुतून बसलेलं. एक टोक घरात, एक टोक अंगणात. काय आत घ्यायचं, काय बाहेर टाकायचं, ते हे ठरवतं.” मी म्हटलं, वा. माझी बायको म्हणाली, “ते तूप आता कशात वापरायचं?” आणि साडूंना नवी काळजी लागली की वहिनींच्या तुपाला लवंगेचा वास लागला.

त्या आरपार प्रथिनांपैकी एकावर त्यांचा जीव जडला होता. त्याचं काम एकच. पेशीत शिरलेलं सोडियम बाहेर फेकायचं आणि बाहेरचं पोटॅशियम आत ओढायचं. तीन बाहेर, दोन आत. पुन्हा तीन बाहेर, दोन आत. रविवार नाही, दिवाळी नाही. साडूंना आयुष्यात पहिल्यांदाच आपल्यासारखं कुणीतरी भेटलं होतं. “याचा हात थांबला तर काय होईल, माहिती आहे?” ते विचारायचे आणि आपण ‘नाही’ म्हणायच्या आत सांगून टाकायचे, “मीठ आत साठेल, मिठापाठोपाठ पाणी, पेशी फुगेल आणि फुटेल! आणि आपण खुशाल वर्तमानपत्र वाचत बसतो.” हे बोलताना ते स्वतःच्या दंडाकडे असे बघत की आत काम चालू आहे की नाही याचा कानोसा घेताहेत असं वाटावं. जेवताना भाजीत मीठ जास्त झालं तर लोक बायकोवर चिडतात. साडू बिचारे त्या प्रथिनाची कीव करत. “आज त्यांना जादा काम पडणार,” असं ते हळहळून म्हणाले, तेव्हा मेहुणीनं माझ्याकडे असं पाहिलं की मी पुढचा घास न चावताच गिळला.

मी चित्रकार, म्हणून प्रबंधाचे तक्ते माझ्या गळ्यात पडले. पहिले बारा तक्ते मी मन लावून केले. लवंग हा तेव्हा साडूंचा नुसता अंदाज होता; त्या वेळच्या पुस्तकांत चित्र असं होतं, की मध्ये चरबीचा थर आणि प्रथिनं त्याच्या दोन्ही बाजूंना, भाकरीला दोन्हीकडून लोणी फासावं तशी. शेवटच्या तक्त्याची शाई वाळते न वाळते तोच सांगलीहून पत्र आलं. परदेशातलं एक नियतकालिक हातोहात फिरत फिरत अखेर साडूंपर्यंत पोचलं होतं आणि त्यात लिहिलं होतं, की प्रथिनं थरावर फासलेली नसून थरात रुतलेली असतात, काही तर पार आरपार, आणि ती तरंगत इकडेतिकडे सरकतातही. ‘दादा, लोणी पुसावे. लवंगा खोचाव्यात.’ मी पुन्हा बारा तक्ते काढले आणि काढता काढता तोंडानं काय म्हटलं ते इथे लिहिण्यासारखं नाही. तक्ते होतात तोच एका सकाळी दारात तारवाला. त्या काळी तार म्हणजे कुणीतरी गेलं. बायकोनं तार न उघडताच रडायला सुरुवात केली, शेजारच्या काकूंनी तिला धरलं, खालचे बिऱ्हाडकरू टोपी घालून वर आले. मी तार उघडली. इंग्रजीत मजकूर होता : ‘बाण उलटे असण्याची शक्यता. येत आहे.’ दुपारी साडू आले, तीन बाण बाहेर आणि दोन आत असल्याचं बारा ठिकाणी मोजून पाहिलं, घाम पुसला, चहाचा कप तोंडाला लावला आणि थांबले. “दादा, तक्ताच कुणी उलटा टांगला तर?” मग मी प्रत्येक तक्त्याच्या डोक्यावर ‘वर’ असं ठळक लिहून दिलं.

आता यात मेंढरं कुठून आली ते सांगतो. निसर्गाची गंमत अशी, की मेंढ्यांच्या रक्तातल्या पेशींमध्ये हे प्रथिन सगळ्यांच्यात सारखं राबत नाही. काही मेंढ्यांच्यात ते जोमानं काम करतं, काहींच्यात सुस्त असतं. एकच कळप, एकच चारा, पण एकीच्या रक्तपेशीत पोटॅशियम भरपूर आणि दुसरीच्या जेमतेम. आणि हा गुण आई-बापांकडून येतो. आई राबती, बाप राबता, तर कोकरू राबतंच होणार. सुस्त होऊच शकत नाही, असा नियम. तो परदेशातल्या मेंढ्यांवर सापडला होता. आपल्या दुष्काळी पट्ट्यातल्या मेंढ्या तो पाळतात की नाही, हे बघायचं साडूंनी ठरवलं होतं. त्यासाठी त्यांनी जतच्या पलीकडच्या एका वाडीतल्या तात्या नावाच्या मेंढपाळाचा कळप धरला. तात्यांना पहिल्या दिवशी त्यांनी घाबरत घाबरत सगळं समजावलं. तात्यांनी विडी विझवली आणि म्हणाले, “आवं मास्तर, येवढं काय त्यात! वाघरीच्या जाळ्याला एक फट आसती, तिथं म्या हुबा ऱ्हातो. परकी मेंढरं भाईर, आपली आत. मेंढराच्या रगतात बी तसाच कुनीतरी हुबा हाय, आसंच न्हवं?” साडूंना चार वर्षं विद्यार्थ्यांना जे पटवता आलं नव्हतं ते तात्यांनी विडी विझवायच्या वेळात आत्मसात केलं. पण लगेच साडूंना वाटलं, की एवढ्या लवकर समजलं म्हणजे आपण काहीतरी चुकीचं सांगितलं असणार.

विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर तसं धनगराचं. त्यात बहात्तरचा दुष्काळ पडला आणि कळप चाऱ्यामागे पश्चिमेला निघाला. मग मला कार्डं येऊ लागली, ‘कळप कराडच्या बाजूला आला असावा. त्यातल्या एका मेंढीच्या डाव्या कानास त्रिकोणी कापा आहे. तपास करावा.’ मी, एका हायस्कूलचा कलाशिक्षक, शनिवारची अर्धी शाळा सुटली की सायकल एस.टी.च्या टपावर टाकून जायचो आणि उसाच्या बांधाबांधानं मेंढरांचे कान तपासत फिरायचो. एका बागायतदारानं मला हटकलं, “काय वो, काय हरवलंय?” मी म्हटलं, “कान.” त्यानं पुढं काही विचारलं नाही, पण त्याचा कुत्रा सोडला.

रक्त काढल्यावर ते मिरजेला न्यायचं असे. तिथे एका प्रयोगशाळेत ज्योतीच्या रंगावरून सोडियम-पोटॅशियम मोजायचं यंत्र होतं आणि ते साडूंना शनिवारी दुपारी वापरायला मिळे. रक्तपेशींना धक्का बसला की त्या फुटतात. म्हणून साडू बर्फ घातलेला थर्मास पोटाशी धरून, जतपासून मिरजेपर्यंत, गाडीत जागा रिकामी असताना, चवड्यांवर उभे राहून येत. खड्डा आला की गुडघे वाकवायचे, खड्डा गेला की सरळ. एकदा कंडक्टर कळवळून म्हणाला, “गुर्जी, बसा की वो. त्यो च्या सांडला तर म्या दुसरा पाजतो.” साडू म्हणाले, “चहा नाही, रक्त आहे.” त्यानंतर मिरज येईपर्यंत त्यांच्या आजूबाजूच्या चार सीटांवर कुणी बसलं नाही आणि त्याबद्दलही त्यांना फार वाईट वाटलं.

इथवर सगळं हसण्यावारी नेण्यासारखं होतं. चौऱ्याहत्तरच्या अखेरीला मात्र मामला गंभीर झाला. कॉलेजातले विभागप्रमुख पुढच्या वर्षी निवृत्त होणार होते. साडू सगळ्यांत जुने. पण डॉक्टरेट हातात असेल तरच ती जागा, नाहीतर त्यांच्याच हाताखाली शिकलेल्या एका तरुणाला. साडूंनी पाच वर्षं रक्त गोळा केलं होतं. प्रबंध टंकलेखकाकडे जायच्या बेतात होता. आणि तक्त्यात एक कोकरू आडवं आलं. आई राबती, बाप राबता आणि कोकरू सुस्त! जन्मल्या जन्मल्या सगळ्याच कोकरांच्यात पोटॅशियम भरपूर असतं, खरा प्रकार नंतर कळतो, हे साडूंना ठाऊक होतं. म्हणून त्यांनी सहा महिने थांबून रक्त घेतलं होतं. पुन्हा घेतलं. तिसऱ्यांदा घेतलं. कोकरू सुस्त ते सुस्तच. साडूंचा सदरा खांद्यावरून उतरायला लागला. मेहुणीचं मला पत्र आलं, ‘भावजी, हे जेवत नाहीत. एका कोकरापायी आमचं घर बसलं आहे. तुम्ही या.’ मी रजा टाकली आणि गेलो.

आम्ही दोघं वाडीला पोचलो तेव्हा तात्या मेंढवाड्याशी बसून लोकर कातरत होते. साडूंनी आडून आडून विचारलं, की या कोकराचा बाप नक्की तोच का. तात्यांच्या हातातली कातर थांबली. “मास्तर, माज्या कळपात नर येकच. बाकीचं सगळं खच्ची क्येल्यालं. बाप इचारून माजी आब्रू घेता व्हय?” साडू दोन पावलं मागे सरले. मग त्यांनी तात्यांच्या कारभारणीला विचारलं, “मावशी, आणि आई?” ती चुलीपुढून उठली, कमरेवर हात ठेवून त्यांच्याकडे बघत राहिली आणि म्हणाली, “कुनाचं दूद पिऊन वाडलंय ते दिसलं न्हाई का तुमास्नी? हीच त्येची आय. दुसरी कोन आसनार?” समोर ती कान कापलेली मेंढी उभी होती आणि तिच्या पोटाला घासून ते कोकरू. साडू म्हणाले, “चला दादा. यंत्र चुकलं नाही, बाप चुकला नाही, आई चुकली नाही. म्हणजे मीच कुठेतरी चुकलो.” त्यांचा चेहरा मला बघवेना.

आम्ही वाटेला लागलो. पार तिसऱ्या बाभळीपाशी आलो असू, तेवढ्यात मागून कारभारीण झपाझप येताना दिसली. तिनं जवळ येऊन मागे वळून मेंढवाडा किती लांब आहे ते पाहिलं. वारा कुठून कुठे वाहतोय तेही पाहिलं. मग तोंडापुढे पदर धरून ती इतक्या हळू बोलायला लागली की आम्हाला वाकून ऐकावं लागलं. “मास्तर, तुमचं त्वांड बघून ऱ्हावलं न्हाई. दुष्काळात त्या कान कापल्यालीचं कोकरू मेलं. त्याच दिशी दुसऱ्या येका कळपातली मेंढी वाटंवर पडली, तिच्यामागं ह्ये कोकरू वरडत हुतं. मंग म्या मेल्याल्या कोकराचं कातडं काढलं आन् ह्येच्या आंगात घातलं, बाळाला आंगडं घालावं तसं. हिनं हुंगलं. आपलाच वास आला. चार दिस घातलं, मंग काढलं. तवापासनं ह्येच तिचं. आमच्यात नेम हाय, एकदा आय दिली का पुन्यांदा कुनी बोलायचं न्हाई. मालकास्नी बी ठावं न्हाई, त्ये तवा चारा आनाय ग्येल्ते.”

साडू उभे होते तिथेच खाली बसले. नियम खरा होता. पाच वर्षं खरी होती. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं आणि ते हसायलाही लागले, दोन्ही एकदमच. पण कारभारणीनं कनवटीची पिशवी सोडली होती. तिनं बिरोबाचा भंडारा त्यांच्या तळहातावर ठेवला. “आता शबुद द्या. लिवायचं न्हाई. तुमी आज कागदावर लिवनार, त्यो चार जन वाचनार, कवातरी कुनीतरी हतं यिऊन तिच्याम्होरं बोलनार. मेंढरू ऐकतंय, मास्तर.” साडू म्हणाले, “पण मावशी, आता ते कोकरू मोठं झालंय. दूध सुटलंय त्याचं.” ती म्हणाली, “दूद सुटलं म्हनून आय सुटती व्हय?” साडूंनी शब्द दिला. मी मध्ये पडायच्या आत दिला.

परतीच्या गाडीत मी त्यांच्याशी भांडलो. आयुष्यात एवढा मोठ्यानं मी वर्गातसुद्धा ओरडलो नसेन. “अहो साडूभाऊ, मेंढी काय प्रबंध वाचणार आहे? तोही इंग्रजीत?” ते थर्मास नसतानाही सवयीनं चवड्यांवर उभे होते. म्हणाले, “मेंढी नाही वाचणार. पण मला ज्या गोष्टीची भीती वाटते ती खरी असतेच असं नाही, हे मी तुमच्याकडून आयुष्यभर ऐकत आलोय, दादा. मी ऐकलं का कधी? मग त्या बाईची भीती खोटी आहे असं मी कुठल्या तोंडानं सांगू?” कवठे महांकाळपर्यंत मी खिडकीतून बाहेर बघत राहिलो.

त्यांच्या मार्गदर्शकांनी सोपा उपाय सुचवला, ती एक ओळ गाळा, विचारतंय कोण? साडूंना तेही जमेना. मोजलेलं आहे ते गाळायचं म्हणजे चोरी. शेवटी त्यांनी ती ओळ ठेवली आणि खाली तळटीप दिली, ‘या कोकराच्या बाबतीतील विसंगतीचे कारण संशोधकास ज्ञात आहे. शब्द दिलेला असल्यामुळे ते येथे देता येत नाही.’ जगाच्या पाठीवर प्राणिशास्त्राच्या कुठल्या प्रबंधात अशी तळटीप असेल तर मला दाखवावी. मार्गदर्शकांनी ती वाचली आणि दोन दिवस साडूंशी बोलणं टाकलं.

तोंडी परीक्षेला तक्ते धरायला मीच होतो. बाहेरगावचे परीक्षक होते, जाड भिंगाचा चष्मा, वेळेला काटेकोर. साडूंनी हात पाठीमागे घट्ट बांधून घेतले होते. पेशीपटल झालं, आरपार प्रथिनं झाली, तीन बाहेर दोन आत झालं. परीक्षक मान डोलवत होते. मग त्यांनी ते पान उघडलं. “कारण माहीत आहे पण सांगता येत नाही? हे शास्त्र आहे की मंत्रविद्या?”

“सर, शब्द दिलाय.”

“कुणाला?”

“मेंढीच्या…” साडू अडखळले. “एका बाईंना.”

मार्गदर्शकांनी डोळ्यांवर हात ठेवला. परीक्षक म्हणाले, “मग ओळ गाळायची होती.”

“गाळली तर खोटं होईल, सर.”

“आणि कारण सांगितलं तर?”

“तर वाईट होईल.”

परीक्षकांनी पेनाला टोपण लावलं. “मग मी सही करू शकणार नाही.” मी तक्त्याआडून साडूंकडे पाहिलं. मला वाटलं, आता कोसळतील, आता सांगून टाकतील, आणि खरं सांगतो, सांगून टाकावं म्हणून मी मनातल्या मनात देवाला हात जोडले होते. साडूंनी पाठीमागचे हात पुढे घेतले. ते म्हणाले, “नका करू, सर.” उभ्या जन्मात त्यांनी न घाबरता उच्चारलेलं तेवढंच एक तीन शब्दांचं वाक्य मी ऐकलं. मला त्यांचा भयंकर राग आला आणि त्याच वेळी असं वाटलं, की या माणसाचा आपण साडू आहोत हे चारचौघांत ओरडून सांगावं. बाहेर आल्यावर त्यांनी पहिली काळजी कसली केली असेल? आपल्यामुळे परीक्षकांची गाडी चुकेल याची. धावत जाऊन त्यांच्यासाठी टांगा आणला.

प्रबंध परत आला. विभागप्रमुखाची जागा त्या तरुणाला मिळाली आणि त्याचे पेढे साडूंनीच वाटले. मग त्यांनी नव्यानं आणखी तीन कळप धरले, पुन्हा थर्मास, पुन्हा चवडे, आणि मी पुन्हा आठ तक्ते काढले. डॉक्टरेट मिळाली तेव्हा दशक संपत आलं होतं, कानशिलं पांढरी झाली होती आणि नावामागे ‘डॉ.’ लागल्याचा उपयोग एवढाच झाला, की गल्लीतल्या बायका पोराच्या तापासाठी औषध विचारायला येऊ लागल्या. त्या प्रत्येक पोराची साडू आठवडाभर काळजी करत. नव्या प्रबंधातसुद्धा ती ओळ होती आणि ती तळटीपही होती. दुसरे परीक्षक बहुधा त्या पानापर्यंत पोचलेच नाहीत.

त्यानंतर दोनेक वर्षांनी मी सांगलीला त्यांच्याकडे उतरलो असताना एक कार्ड आलं. वाडीच्या शाळामास्तरानं लिहिलेलं, पण सांगणारी कोण ते पहिल्याच ओळीत कळत होतं. ‘मास्तरास्नी दंडवत. कान कापल्याली म्हातारी मेंढी परवा ग्येली. शेवटपातूर कोकराजवळच हुती. आता लिवलं तरी चालंल. तुमचं काम माज्यापायी आडलं, मनाला लावून घेऊ नका.’ साडूंनी ते दोनदा वाचलं, चष्मा काढला आणि भिंतीला टेकून बसले. घरचं कुणी गेल्यासारखे. मीच म्हटलं, “चला, सुटलात! आता एक चांगला लेख लिहा, ती तळटीप मोकळी करा. मी तक्ता काढून देतो.” ते माझ्याकडे बघत राहिले. एवढी साधी गोष्ट दादांच्या लक्षात कशी येत नाही, असा तो चेहरा होता.

“मेंढी गेली हो दादा,” ते म्हणाले, “पण कोकरू आहे ना अजून.”

मी तेव्हा हसलो होतो. जेवताना मेहुणीलाही सांगून हसवलं. साडूंना जाऊन आता बरीच वर्षं झाली, आणि काळजी करायला कुणी उरलं नाही म्हटल्यावर ते काम हळूहळू माझ्याकडे आलं आहे. त्या कोकराला पुढे पिल्लं झाली असतील, त्यांना आणखी झाली असतील; कितवी पिढी असेल कोण जाणे, पण तात्यांच्या नातवंडांच्या मेंढवाड्यात ती असणारच. साडूंची आठवण फार येते, म्हणून मी हे लिहिलं. लिहिताना वाडीचं नाव दोनदा लेखणीच्या टोकाशी आलं. ते लिहिलेलं नाही.